प्राध्यापकाची श्रद्धा आणि विज्ञानाचा वर्ग

मंडळी, गावात विहीर खोदायची ठरली म्हणजे आपण माणूस कसा निवडतो? खडक फोडण्यात त्याचा हात बसला आहे का, त्याने पूर्वी खोदलेल्या विहिरी कशा टिकल्या, हे आपण चौकशी करून पाहतो. तो कोणत्या देवाला नवस बोलतो, किंवा कोणताच देव मानीत नाही, हे कोणी विचारीत नाही. पण समजा, त्याने काम अर्ध्यावर टाकले आणि म्हणाला, “पुढचे आता देवच बघून घेईल,” तर तेही आपण चालवून घेत नाही. माणसाची श्रद्धा ही त्याची; पण पत्करलेले काम हे सगळ्यांचे. ही गोष्ट आपल्याला पुरती कळते. मात्र हाच प्रश्न विद्यापीठातल्या विज्ञानशाखेत उभा राहिला म्हणजे मोठमोठी शिकलेली माणसे गोंधळात पडतात. कधी कधी तर प्रकरण कोर्टात जाते.

तुम्ही म्हणाल, विद्यापीठ कोठे आणि आमचे गाव कोठे! पण तसे नाही. तुमचा मुलगा किंवा मुलगी उद्या विज्ञान शिकायला तालुक्याच्या कॉलेजात जाणार. तेथे शिकविणारे विद्यापीठातूनच तयार होऊन येतात. आणि गावातल्या शाळेत गुरुजी किंवा बाई जे पुस्तक हातात घेतात, त्याची मुळेही तेथेच असतात. तेव्हा तेथे काय शिकवावे, कोणी शिकवावे, हा आपल्याही घरचाच प्रश्न आहे.

या विषयात खरे म्हणजे दोन प्रश्न आहेत, आणि सगळा घोटाळा ते एकात एक मिसळल्याने होतो. पहिला प्रश्न असा की, प्राध्यापक नेमताना त्याची श्रद्धा पाहावी काय? दुसरा असा की, नेमल्यावर त्याने आपली श्रद्धा विज्ञान म्हणून वर्गात शिकवावी काय? दोन्हींचे उत्तर माझ्या मते “नाही” असेच आहे. पण दोन्ही उत्तरे एका दमात आणि सारख्याच निष्ठेने देता आली पाहिजेत. एक दिले आणि दुसरे गिळले, की अन्याय झालाच म्हणून समजा.

आधी पहिला प्रश्न घेऊ. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंग्लंडात केंब्रिज येथे गणिताची एक फार कठीण परीक्षा असे. तिच्यात पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत. १८३७ साली जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर नावाचा विद्यार्थी तिच्यात दुसरा आला. तो सेंट जॉन्स कॉलेजचा विद्यार्थी. दुसरा रँग्लर म्हणजे केवढा मान! पण त्याला पदवी मिळाली नाही. कारण काय? तो धर्माने ज्यू होता. पदवी घेताना इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चची एकोणचाळीस कलमे आपल्याला मान्य आहेत असे लिहून द्यावे लागे. सिल्व्हेस्टरने तसे लिहून दिले नाही. गणित आले, पण सही आली नाही, म्हणून पदवी नाही आणि कॉलेजची फेलोशिपही नाही. हा मनुष्य पुढे जगातल्या मोठ्या गणितज्ञांत गणला गेला. १८७१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डरहॅम या विद्यापीठांतल्या अशा धार्मिक अटी काढून टाकल्या. त्यानंतर कोठे केंब्रिजने सिल्व्हेस्टरला पदवी दिली. तोवर त्याची पन्नाशी उलटून गेली होती.

आता याचा आपल्याशी काय संबंध, ते पाहा. १८९९ साली त्याच परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा मान मिळविणाऱ्यांत आपल्या कोकणातले, दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे होते. रँग्लर परांजपे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. तेही सेंट जॉन्स कॉलेजचेच. पुढे ते त्या कॉलेजचे फेलो झाले. १८७१ चा कायदा झाला नसता, तर जे दार सिल्व्हेस्टरला बंद होते ते परांजप्यांनाही बंदच राहिले असते. ते जन्माने हिंदू, आणि विचाराने तर कोणताच देव न मानणारे. ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही. पुण्याला परत येऊन ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले आणि अनेक वर्षे तेथे प्राचार्य होते. मुलांनी त्यांच्याकडून गणित घ्यायचे. त्यांचे निरीश्वर मत घेतलेच पाहिजे अशी अट नव्हती. चांगल्या कॉलेजाचा कारभार असाच चालतो.

तेव्हा लक्षात ठेवा, श्रद्धेची अट काढून टाकण्याचा लाभ फक्त श्रद्धावंतांना झाला असे नाही, आणि फक्त नास्तिकांनाही झाला असे नाही. तो दोघांना झाला.

“पण ज्याची श्रद्धा पक्की, त्याचे विज्ञान कच्चेच असणार,” असे काही जण म्हणतात. काहींचे म्हणणे उलटे. देव न मानणाऱ्याच्या हाती मुले दिली तर ती बिघडणार, असे त्यांना वाटते. या दोन्ही शंकांना एका गोष्टीत उत्तर मिळते. ती सांगतो.

बेल्जियम देशात जॉर्ज लमेत्र नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू होते. तेच विद्यापीठात पदार्थविज्ञानही शिकवीत. १९२७ साली त्यांनी गणिताने असे दाखविले की, हे विश्व पसरत आहे. १९३१ साली ते आणखी पुढे गेले. विश्व पसरत असेल, तर फार पूर्वी ते अगदी लहान जागेत दाटलेले असले पाहिजे, असे त्यांनी मांडले. इंग्लंडचे ज्योतिर्विद फ्रेड हॉईल यांना हा आरंभ मुळीच पटेना. विश्व अनादी आहे, असे हॉईल यांचे मत, आणि ते देव मानीत नसत. १९४९ साली बी. बी. सी. रेडिओवरच्या एका भाषणात त्यांनी या कल्पनेला ‘बिग बँग’ असे नाव दिले. आपण त्याला महास्फोट म्हणतो.

आता एका बाजूला झगा घातलेला धर्मगुरू आणि दुसऱ्या बाजूला नास्तिक शास्त्रज्ञ. कोण खरा, हे कशावरून ठरवायचे? झग्यावरून नाही आणि नास्तिकतेवरूनही नाही. ते आकाशाकडे पाहूनच ठरवायचे. १९६५ साली अमेरिकेत दोन शास्त्रज्ञांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारा एक मंद किरणोत्सर्ग सापडल्याचे जाहीर झाले. महास्फोट झाला असेल तर त्याची अशी ऊब मागे राहिली पाहिजे, असे गणित आधीच झालेले होते. बहुतेक शास्त्रज्ञांनी कौल धर्मगुरूच्या बाजूने दिला. तो धर्मगुरू होता म्हणून नव्हे; मोजमाप त्याच्या बाजूने पडले म्हणून.

याच गोष्टीत आणखी एक बारकावा आहे. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात सुचविले की, विज्ञानाचा हा शोध देवाच्या निर्मितीची साक्ष देतो. एखाद्याला वाटेल, लमेत्र खूष झाले असतील. पण त्यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत हा पदार्थविज्ञानाचा आहे, उद्या तो चुकीचा ठरू शकतो, त्याच्यावर धर्माची इमारत उभारू नये, अशी त्यांची भूमिका होती. सकाळी प्रार्थना करणारा हाच मनुष्य विज्ञानात प्रार्थनेची उसनवारी करीत नव्हता.

आणि हॉईल यांचे काय झाले? त्यांचे शिष्य म्हणजे कोल्हापूरला जन्मलेले आपले जयंत नारळीकर. गुरुशिष्यांनी महास्फोटाविरुद्धचे आपले मत सोडले नाही. १९९३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह जुन्या सिद्धांताची नवी मांडणी पुढे केली. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ती पटली नाही. म्हणून कोणी नारळीकरांना विद्यापीठाबाहेर काढले काय? नाही. पुण्यात १९८८ साली ‘आयुका’ ही संस्था उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक झाले. आणि त्याच संस्थेत महास्फोट मानणारे शास्त्रज्ञही मोकळेपणाने काम करीत होते. अध्यापनस्वातंत्र्य म्हणतात ते हेच. मत वेगळे असले तरी चालेल, पण ते पुराव्याच्या तराजूत घालायची तयारी पाहिजे.

आता अगदी अलीकडच्या काळातले एक प्रकरण घेऊ. यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले की काय होते ते दिसते.

अमेरिकेत केंटकी विद्यापीठाला २००७ साली विद्यार्थ्यांच्या नव्या वेधशाळेसाठी संचालक हवा होता. मार्टिन गॅस्केल नावाच्या ज्योतिर्विदाने अर्ज केला. अनुभव चांगला, काम चांगले. पण निवड चालू असताना कोणाला तरी आढळले की, हे गृहस्थ श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत आणि बायबल व खगोलशास्त्र या विषयावर व्याख्याने देतात. त्या व्याख्यानाच्या टिपणात उत्क्रांतिवादासंबंधी काही शंकाही होत्या. आपण उत्क्रांती मानतो, असे गॅस्केल यांचे सांगणे. पण विद्यापीठातल्या काही जीवशास्त्रज्ञांना धास्ती वाटली.

त्या धास्तीलाही कारण होते, तेही सांगितले पाहिजे. त्याच राज्यात त्याच वर्षी एक मोठे संग्रहालय उघडले होते. पृथ्वी अवघी सहा हजार वर्षांची आहे, असे ते संग्रहालय शिकविते. भूगर्भशास्त्रज्ञ खडक तपासून पृथ्वीचे वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे सांगतात. वेधशाळेचा संचालक लोकांत बोलणार, शाळेच्या मुलांना तारे दाखविणार. तो उद्या भलतेच सांगू लागला तर विद्यापीठाचे हसे होईल, अशी भीती त्यांना होती. ही भीती खोटी म्हणता येत नाही.

पण भीती खरी असली तरी उपाय कोणता योजावा? गॅस्केल यांना समोर बसवून विचारता आले असते की, “वेधशाळेत मुलांना पृथ्वीचे वय किती सांगाल? उत्क्रांतीविषयी कोणी विचारले तर काय उत्तर द्याल?” हे प्रश्न कामाचे आहेत. ते विचारण्याचा विद्यापीठाला पूर्ण हक्क. तसे न होता चर्चा त्यांच्या धर्माभोवती फिरली. निवड समितीच्या प्रमुखांनीच आतल्या पत्रव्यवहारात लिहिले की, धर्माखेरीज दुसऱ्या कारणाने यांना वगळले असे कोणीही तटस्थ मनुष्य मानणार नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. २००९ साली गॅस्केल कोर्टात गेले. २०१० मध्ये न्यायाधीशांनी हे प्रकरण ज्यूरीपुढे जाण्याजोगे ठरविले. पण सुनावणीआधीच, २०११ च्या जानेवारीत, विद्यापीठाने सव्वा लाख डॉलर देऊन तडजोड केली. आपली चूक झाली असे मात्र त्याने मान्य केले नाही.

पाहा, सिल्व्हेस्टरच्या वेळी विशिष्ट श्रद्धा नाही म्हणून दार बंद झाले. येथे विशिष्ट श्रद्धा आहे म्हणून ते बंद झाल्याचा आरोप आला. मधे पावणेदोनशे वर्षे गेली. दार तेच, फक्त कडी आतून लागली की बाहेरून, एवढाच फरक!

बरे, हा झाला पहिला प्रश्न. आता दुसऱ्याकडे वळू, कारण तेवढाच महत्त्वाचा तोही आहे.

अमेरिकेतच अलाबामा विद्यापीठात फिलिप बिशप नावाचे प्राध्यापक व्यायाम आणि शरीरक्रिया हा विषय शिकवीत. ते वर्गात अधूनमधून आपल्या धर्मश्रद्धेविषयी बोलत. १९८७ साली वार्षिक परीक्षा तोंडावर आली असताना त्यांनी एक जादा तास ठेवला. मानवी शरीराच्या रचनेत देवाचे पुरावे कसे दिसतात, हा त्याचा विषय. येणे ऐच्छिक होते. काही विद्यार्थ्यांनी तक्रार केली. विभागाने त्यांना लेखी कळविले की, तासाच्या वेळी धर्मश्रद्धा सांगू नका, आणि असे जादा तासही घेऊ नका. बिशप कोर्टात गेले. खालच्या कोर्टात ते जिंकले. पण १९९१ साली वरिष्ठ न्यायालयाने निकाल फिरविला. वर्ग हा विद्यापीठाचा आहे, तेथे काय शिकवावे हे ठरविण्याचा अधिकार विद्यापीठाला आहे, असे न्यायालयाने म्हटले. वर्गाबाहेर मात्र प्राध्यापकांना आपली मते मांडायला मोकळीक होती.

काही जण विचारतील, येणे ऐच्छिक होते, मग बिघडले कोठे? मंडळी, परीक्षा तोंडावर आलेली, गुण देणार तोच मास्तर, आणि तो म्हणतो, “यायचे तर या, नाहीतर नका येऊ.” त्यातले ‘नका येऊ’ मुलाच्या कानात शिरते काय? ज्याच्या हाती लेखणी असते त्याचे आमंत्रण हे पुष्कळदा हुकमासारखेच वाटते. म्हणून विद्यार्थ्याच्या स्वातंत्र्याचाही विचार करावा लागतो. अध्यापनस्वातंत्र्य एकट्या प्राध्यापकाचे नसते. समोर बाकावर बसलेल्या मुलाचेही असते.

गॅस्केल आणि बिशप, दोघेही श्रद्धावंत. पण एकाच्या बाबतीत विद्यापीठाने मनुष्याच्या मनात डोकावले, आणि दुसऱ्याच्या बाबतीत वर्गात घडलेल्या गोष्टीकडे पाहिले. हा फरक ज्याला कळला त्याला हा सगळा विषय कळला.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडे २००१ साली याच प्रश्नाने तिसरेच रूप घेतले. एखाद्या प्राध्यापकाने नव्हे, तर खुद्द विद्यापीठ अनुदान मंडळानेच विद्यापीठांत ‘ज्योतिर्विज्ञान’ या नावाने फलज्योतिषाचे पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करण्याची योजना आणली. बी.एस्सी., एम्.एस्सी. म्हणजे विज्ञानाच्या पदव्या त्यासाठी होत्या. पुष्कळ शास्त्रज्ञांनी विरोध केला. त्यांत नारळीकर होते, आणि हैदराबादचे जीवशास्त्रज्ञ पुष्पमित्र भार्गवही होते. भार्गव न्यायालयात गेले. आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो फेटाळला. शिक्षणविषयक तज्ज्ञ मंडळाच्या निर्णयात न्यायालयाने हात घालणे बरोबर नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

मग शास्त्रज्ञांनी काय करावे? हात जोडून बसावे, की ज्योतिषांना शिव्या द्याव्यात? नारळीकरांनी तिसरी वाट धरली. त्यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणीच घेतली. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले अशा दोनशे जणांच्या जन्मकुंडल्या जमविल्या. ज्योतिषांना आवाहन केले की, कोणती कुंडली हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची, ते सांगा. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या दिल्या. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. सरासरी शेकडा ४६ उत्तरे बरोबर निघाली. एका संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे, म्हणजे शेकडा ५१, बरोबर आली. नुसता रुपया उडवून छापाकाटा केला असता, तरी निम्मी उत्तरे बरोबर आलीच असती. हा निष्कर्ष २००९ साली विज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यातली गंमत लक्षात घ्या. कोणीही ज्योतिषाला “तू श्रद्धा सोड” म्हटले नाही. घरी कुंडली पाहायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्या क्षणी एखादी गोष्ट ‘विज्ञान’ असा शिक्का मागते, त्या क्षणी तिने विज्ञानाच्या परीक्षेला बसलेच पाहिजे. बियाण्याच्या पिशवीवर ‘प्रमाणित’ असा शिक्का हवा असेल तर बी उगवते किती, हे मोजून दाखवावेच लागते. पेरणारा भाविक आहे, यावर उगवण ठरत नाही.

राहता राहिले आपले स्वतःचे घर, म्हणजे गावची शाळा. शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्या राज्यघटनेने प्रत्येकाला श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले आहे. सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करू नये, असेही तीच सांगते. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही, हेही तिच्यातच आहे. आणि १९७६ च्या दुरुस्तीपासून वैज्ञानिक दृष्टी वाढविणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून तीत लिहिलेले आहे. ही कलमे एकमेकांशी भांडणारी नाहीत. ती एकाच बैलगाडीची दोन चाके आहेत.

समजा, उद्या ग्रहण आहे. एखाद्या बाई घरी उपास धरतात, ग्रहण सुटल्यावर स्नान करतात. तो त्यांचा अधिकार आहे. मुख्याध्यापकांनी त्यावरून त्यांना हिणवू नये. पण वर्गात उभ्या राहिल्या की त्यांनी चेंडू आणि दिवा घेऊन सावली कशी पडते हेच दाखवावे. राहू-केतूची गोष्ट सांगितली तर ती गोष्ट म्हणून सांगावी. दुसरीकडे, एखादे गुरुजी मुळीच देव मानीत नसतील. त्यांनी सावली जरूर दाखवावी. पण माळ घालून आलेल्या पोराला सगळ्या वर्गासमोर “तुझ्या बापाला काही कळत नाही” असे म्हणू नये. तो अधिकार त्यांना नाही. पोराला ग्रहण कसे लागते हे सांगता आले की गुण पुरे द्यावेत. ‘तुझा विश्वास बसला का,’ हा प्रश्न परीक्षेत नसतो.

कोणाविषयी शंका आली म्हणजे तीन प्रश्न विचारावेत. या माणसाला त्याचा विषय येतो का? तो विषय पुराव्यानिशी, नीट शिकवितो का? आणि आपल्याशी न पटणाऱ्या विद्यार्थ्याला तो न्याय देतो का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ आले, तर त्याच्या देवघरात काय आहे, किंवा देवघर आहे की नाही, हे पाहायचे कारण उरत नाही. आणि यांतल्या एकाचेही उत्तर ‘नाही’ आले, तर त्याच्या श्रद्धेची किंवा अश्रद्धेची सबब ऐकून घ्यायचेही कारण उरत नाही.